बैलांची नावं विचारणारा गिरदावर

जिंतूर तालुक्यात डोंगराच्या अंगाला एक गाव आहे. तिथली जुनी धनगर माणसं एका माणसाचं नाव निघालं की थुंकतात. ज्यांनी त्याला कधी पाहिलं नाही तीही थुंकतात, कारण बाप थुंकायचा. त्या माणसाचं नाव मी इथं लिहिणार नाही. लिहिलं तर त्या थुंकण्याला नवा पत्ता मिळेल. माझंही लिहिणार नाही, आणि त्याचं कारण भित्रेपणा आहे असं समजायला हरकत नाही. वय ऐंशीच्या पुढं गेलं तरी काही गोष्टी जात नाहीत.

पोलीस ॲक्शनला वर्षही झालं नव्हतं तेव्हा मी तहसील कचेरीत कारकून म्हणून लागलो. निजामाविरुद्ध सरहद्दीपलीकडच्या एका कॅम्पात सहा महिने काढले होते, ही माझी मुख्य लायकी. पहिल्याच दिवशी मला दफ्तरखान्यात पाठवलं. आत कडुनिंबाच्या वाळल्या पाल्याचा वास, लाल फडक्यात बांधलेले कागदांचे बस्ते छतापर्यंत रचलेले, आणि त्यांच्या मधोमध एक सुकलेला ब्राह्मण. कपाळाला गंध आणि डोक्यावर लाल रूमी टोपी. टोपीचा काळा गोंडा कानावर लोंबत होता. मी आत पाऊल टाकलं आणि वरून एक पाल त्यांच्या खांद्यावर पडली.

"लाहौल विला कुव्वत!" म्हणून ते उठले, आणि त्याच श्वासात "रामराम, रामराम" म्हणत त्यांनी जानव्याला हात लावला. मला हसू आलं, आणि रागही. ज्या राज्याला घालवायला आम्ही उपाशी राहिलो ते राज्य इथं खुर्चीवर बसून पाल झटकत होतं, असं मला वाटलं.

त्या दिवसांत बाजारातून रूमी टोपी घालून जाणं म्हणजे मार मागून घेणं होतं. मुसलमान माणसंसुद्धा ती ट्रंकेच्या तळाशी घालून बोडक्यानं, खाली मान घालून चालायची. हे मात्र घरून निघताना टोपी घालत आणि घरी परतेपर्यंत काढत नसत. एकदा मोंढ्याच्या तोंडाशी दोघा पोरांनी ती उडवली. मी मागूनच चाललो होतो, पण पुढं झालो नाही.

"ओ मियाँजी, पडली बघा!"

त्यांनी ती उचलली, कोपरावर घासून झटकली, परत घातली. "बाबांनो, ही नोकरीची टोपी हाय. सरकारनं घाल म्हणलं, घातली. सरकार काढ म्हणू द्या, काढतो. हुकूम आणा."

"कोणतं सरकार, आजोबा? तुमचं गेलं की."

"सरकार जात न्हाई रे. त्यातली माणसं जातेत."

शेवटी तहसीलदारांनी कंटाळून एका चिठ्ठीवर 'टोपीची सक्ती नाही' असं लिहून दिलं. ह्यांनी त्या चिठ्ठीवर आवक नंबर टाकला, ती फायलीला लावली आणि दुसऱ्या दिवशी बोडक्यानं कचेरीत आले. उघडं डोकं इतकं पांढरं आणि लहान दिसत होतं की शिपायानंही चेष्टा केली नाही.

दफ्तरखान्यात येण्याआधी वीसेक वर्षं ते गिरदावर होते. कोणत्या शेतात कोण नांगरतो, काय पेरतो, ते पटवारी पहाणीत लिहायचा आणि गावोगाव फिरून ती पहाणी तपासायची हे गिरदावराचं काम. बहुतेक गिरदावर हे काम देशमुखाच्या ओसरीवर चहा पीत उरकायचे. हे तट्टावर बसून बांधावर जायचे आणि तिथं जो दिसेल त्याला एकच विचारायचे: "बैलांची नावं काय?" शेत माझं, असं कुणीही खोटं सांगू शकतो, असं त्यांचं म्हणणं. बैलांची नावं मात्र जो रोज त्यांच्या मागं चालतो त्यालाच येतात.

वर सांगितलेल्या गावच्या देशमुखाचा किस्सा ते मला पुन्हा पुन्हा सांगत. देशमुख म्हणाले होते, ही डोंगराकडची जमीन मी स्वतः कसतो.

"बरं हाय, सरकार. नांगराला बैल कोणते?"

"असतेत की दोन."

"नावं?"

देशमुखांनी गड्याकडं पाहिलं.

"गड्याकडं बघू नका, सरकार. कसायलाव तर तुमीच ना?"

तेवढ्यात बांधापलीकडून एका धनगरानं बैलांना हाक मारली आणि दोन्ही बैलांनी माना वळवल्या. "बैलांनी साक्ष दिली," असं म्हणून ते मोठ्यानं हसत. हसताना त्यांचा आवाज येत नसे, फक्त खांदे हलत.

तरीही पहाणीत कसणाऱ्याच्या खान्यात देशमुखाचंच नाव राहिलं. तो खाना पटवारी भरायचा आणि पटवारी देशमुखाच्या दारचा. पण सगळ्यात शेवटी एक रुंद खाना असायचा. कैफियत त्याचं नाव. तो गिरदावराच्या हातातला. खऱ्या गोष्टी ते तिथं लिहीत. पाण्याची पाळी कुणाची, वाट कुणाच्या बांधावरून, विहीर कुणी खणली, कोण नांगरतो. शंभर-सव्वाशे गावांचं असं सगळं खरं त्या एका खान्यात, उर्दूत, त्यांच्या हातानं लिहून ठेवलेलं होतं.

पूर्ण उर्दू म्हणावं असंही ते नव्हतं. मराठीच, पण फारसी कपडे घातलेली. लिपी शिकस्ता: घाईत लिहिलेली, नुक्ते म्हणजे अक्षरांचे ठिपके गाळलेले, अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडलेली. मी उर्दू शाळेत छड्या खात शिकलो होतो, पण ती छापील. शिकस्ता त्यांनी मला शिकवली. रोज कचेरी सुटल्यावर तासभर, जुन्या लिफाफ्यांच्या पाठीवर.

"काय वाचलास?"

"बाबू वल्द राणू. राणूचा मुलगा बाबू."

"बाबू न्हाई, नानू. बाबू त्याचा भाऊ, तो प्लेगात गेला. मेलेल्या माणसाला नांगर धरायला लावतूस का?"

चार महिन्यांत मला लागायला लागलं. त्या दिवशी त्यांनी घरून गूळ-शेंगदाणे आणले. "आता तालुक्यात दोघं झालो," म्हणाले. "मी मेलो तर एक राहील." त्यांना मूलबाळ नव्हतं हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

एकदा मी विचारलं, हे सगळं इतकं कशाला लिहायचं, वाचतं कोण? ते बराच वेळ बस्त्याची गाठ सोडत राहिले. मग म्हणाले, "खेड्यातला माणूस कागद वाचत न्हाई. पण कचेरीत आपला कागद हाय, हे त्याला ठाऊक असतं. तेवढ्यावर तो घरी झोपतो. तो भरवसा गेला की मग तो कुऱ्हाड हुडकतो."

मग वरून हुकूम आला. जुनी पहाणी सगळी मराठीत उतरवायची. नवे छापील फॉर्म आले. आम्हाला आनंद झाला. आपल्या भाषेत आपलं दफ्तर! फॉर्म उघडून ते मात्र बघतच राहिले. त्यात कैफियतीचा खाना नव्हता. शेवटी बोटभर रुंदीचा 'शेरा' होता.

"ह्यात काय मावंल? एक बैलसुद्धा मावत न्हाई."

ते वाचायचे, मी लिहायचो. रोज ठरावीक सर्व्हे नंबर उतरवून झालेच पाहिजेत, असा वरून तगादा. मालक, कसणारा, आकार, पीक, हे त्यांनी भराभर वाचावं आणि कैफियत आली की संथ व्हावं, आवाज उतरवून, पोथी वाचल्यासारखं.

"साहेब, फक्त खाने वाचा. कैफियत राहू द्या."

"खरं तेच हाय, बाबा."

"फॉर्मात जागा नाही."

"मागच्या बाजूला लिही."

"मागं लिहायचा हुकूम नाही," मी म्हणालो. त्यांचंच हत्यार मी त्यांच्यावर चालवलं याचा मला आनंद झाला होता, हे कबूल करतो. त्यानंतरही कैफियत ते वाचायचेच. मी लेखणी खाली ठेवून शाईची बोटं पुसत बसायचो. प्रत्येक गावाच्या शेवटी मी लिहायचो, 'मुळाबरहुकूम नक्कल', आणि खाली सही. माझी एकट्याची.

त्यांची नोकरी मराठीनं घेतली. जुन्या नोकरांनी मराठीची परीक्षा द्यावी असं ठरलं. घरात मराठी बोलणारा, मराठीत भांडणारा, रोज रामाची स्तोत्रं म्हणणारा हा माणूस पहिल्या खेपेला नापास झाला, कारण त्यांनी सगळा पेपर मोडीत लिहिला. दुसऱ्या खेपेला बाळबोध लिहायचं म्हणून महिनाभर त्यांनी मुळाक्षरं गिरवली. निबंधाचा विषय होता, 'माझे गाव'. तीन तासांत त्यांनी सात ओळी लिहिल्या: गावचं शिवार किती, विहिरी किती, पैकी चालू किती, वादात किती, आणि शेवटी, 'वर्णन करण्याजोगे दुसरे काही नाही.' पुण्याकडच्या परीक्षकानं शून्य दिलं. त्यांना सक्तीनं घरी बसवण्यात आलं. दफ्तरखान्याच्या किल्ल्या त्यांनी माझ्या हातात दिल्या आणि बाहेर जाऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसले. दुपारी शिपायानं सांगितलं, "साहेब, आता घरी जायचं असतंय." तेव्हा उठले.

पुढं कूळकायदा आला. कित्येक वर्षं जमीन कसणाऱ्याला तिथून हलवता येणार नाही, पण कसत होतो हे दफ्तरातून दिसलं पाहिजे. डोंगराकडच्या त्या गावचे सात धनगर कचेरीत उभे राहिले. देशमुख त्यांना काढायला निघाले होते. त्या जमिनीवाचून त्यांना दुसरं काही नव्हतं. मेंढरं होती, पण नुसत्या मेंढरांवर घर चालत नाही.

पेशीचा, म्हणजे सुनावणी घेणारा, अधिकारी मद्रासकडचा. नव्या राज्यानं जुने अंमलदार नकोत म्हणून बाहेरून आणलेला. सज्जन माणूस, उर्दू येत नव्हती, मराठी अडखळत. समोरच्या खुर्चीवर देशमुखांचा धाकटा मुलगा बसला होता, खादीच्या पांढऱ्या टोपीत. हा आमच्या कॅम्पात शेवटच्या महिन्यात आला होता, तुपाचे डबे घेऊन. आता तालुक्याचा पुढारी. थोरला भाऊ निजामाच्या वेळी कलेक्टराला मेजवान्या द्यायचा, धाकटा आता मंत्र्यांना हार घालायचा. वाडा तोच, पटवारीही तोच.

धनगरांच्या वतीनं सटवा म्हणून एकजण बोलला. "साहेब, माझ्या बापानं त्या रानातली हराळी खणली. आमी नांगरतो, मेंढरं बसवितो, निम्मा माल वाड्यावर नेऊन घालतो."

देशमुखांचा वकील म्हणाला, "पुरावा काय?"

"पुरावा म्हंजी? मीच हाय की हितं उभा."

लोक हसले. तेवढ्यात मागच्या भिंतीशी उभे असलेले म्हातारे गिरदावर पुढं आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. "हुजूर, जुन्या पहाणीत कैफियत हाय. माझ्या हातची हाय. बस्ता मागवा."

बस्ता मीच आणला. पान उघडलं. अधिकाऱ्यानं त्यांना वाचायला सांगितलं तसा वकील उठला. "हरकत आहे. हा माणूस नोकरीतून काढलेला, जुन्या राज्याचा. पोलीस ॲक्शननंतरसुद्धा रूमी टोपी सोडवत नव्हती त्याला. हा वाचेल ते खरं कशावरून?"

अधिकाऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. "तुम्हाला ही लिपी येते?"

"येते."

"वाचा."

पान माझ्या पुढं होतं. कसणाऱ्याच्या खान्यात लिहिलं होतं, मालक स्वतः. आणि शेवटच्या खान्यात, काळ्याभोर शाईत: 'मौक्यावर जाऊन पाहिले. सटवा वल्द म्हाळू धनगर बापापासून कसतो. बैल दोन, चांद्या व हौश्या. निम्मा माल देशमुखाकडे जातो. देशमुख स्वतः कसतो म्हणतो ते गलत.'

ते वाचलं असतं तर अधिकाऱ्यानं पुढचा प्रश्न विचारला असता: मग नव्या नकलेत हे का नाही? आणि नव्या नकलेखाली माझी सही होती. एका गावाच्या नकलेखाली नव्हे, शंभरावर गावांच्या. मी अजून कायम झालो नव्हतो. देशमुखांचा धाकटा माझ्याकडं बघून ओळखीचं हसला. त्यानं मला काही दिलं नाही, धमकीही दिली नाही. तशी गरजच नव्हती. जे केलं ते मी माझ्या सहीसाठी केलं.

मी वाचलं, "कसणारा, मालक स्वतः."

"आणि शेवटच्या खान्यात?"

मी पान डोळ्याशी धरलं, मागंपुढं केलं. "शाई उडाली आहे, साहेब. लागत नाही."

खोलीत ते पान वाचू शकणारी दोनच माणसं होती. दुसऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. हिशोब न जुळणाऱ्या नोंदीकडं पाहावं तसं. मग मान वर करून त्यांनी ती कैफियत तोंडपाठ म्हणायला सुरुवात केली, शब्दाला शब्द.

"वा!" वकील म्हणाला. "शाई उडाली, पाठांतर मात्र पक्कं आहे!"

पुन्हा हशा. सटवा एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होता. त्या फारसी वळणातलं 'चांद्या व हौश्या' एवढं त्याला कळलं आणि त्याचं तोंड उजळलं. अधिकाऱ्यानं हात वर करून त्यांना बसायला सांगितलं आणि लिहायला घेतलं. धनगर हरले.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या खोलीच्या दारात आले. आत आले नाहीत. "लेकरू हायस. घाबरलास. होतं," म्हणाले. "अपिलाची मुदत हाय अजून. कैफियतीसकट नक्कल दे. परभणीला वाचणारे हायेत."

"बस्ता परभणीलाच पाठवला, साहेब."

"कधी?"

"काल."

"जावक नंबर?"

मी एक नंबर सांगितला. मनाला आला तो. त्यांनी तो कागदाच्या चिटोऱ्यावर टिपून घेतला. बस्ता माझ्या खुर्चीमागच्या फळीवर होता.

ते मोटारीनं परभणीला गेले आणि तो नंबर घेऊन तीन दिवस जिल्हा कचेरीत या टेबलावरून त्या टेबलावर उभे राहिले. खोटा नंबर असू शकतो ही कल्पनाच त्यांना नव्हती; माणूस खोटं बोलतो हे त्यांना ठाऊक होतं, जावक नंबरही बोलतो हे नव्हतं. परत आल्यावर रस्त्यात भेटले. धुळीनं भरलेले. "न्हाई मिळाला," एवढंच म्हणाले. त्यांना कळलं होतं. पुढं त्यांनी माझ्याकडं पुन्हा नक्कल मागितली नाही. मुदत गेली. पेरणीच्या आत सातही घरं जमिनीवरून उठली.

दोन वर्षांनी ते वारले. न्यायला पाच-सहा माणसं होतो. बाकीचे सोयरे होते. डोंगराकडच्या गावातून कुणी आलं नाही, याचं मला नवल वाटलं होतं.

मग आमचा मुलूख मुंबई राज्यात गेला, पुन्हा नवे फॉर्म आले. सातबाऱ्यात 'इतर हक्क' असा एक चांगला ऐसपैस रकाना होता. ज्यासाठी म्हातारा माझ्याशी भांडला तो खाना सरकारनं आपणहून दिला होता. पण भरायचा कशावरून? माझ्या नकलेवरून. उर्दूचे बस्ते तोवर ओलीत पडून वाळवीनं एकजीव झाले होते. शंभरावर गावांच्या 'इतर हक्क' या रकान्यात आम्ही आडव्या रेघा मारल्या. त्यांतल्या बऱ्याच माझ्या हातच्या आहेत. तेव्हा मी हेडक्लार्क होतो.

राज्य महाराष्ट्राचं झालं त्या सुमारास माझी बदली परभणीला झाली होती. जिनिंगच्या फाटकापाशी एका हमालानं हाक मारली. "रामराम, साहेब. वळखलं का? सटवा." अंगावर, भुवयांवर कापसाची बारीक फुलं. शेजारी त्याची बायको, डोक्यावर चुंबळ.

मेंढरं विकली होती. दोघंही इथंच गठ्ठे ओढत होती. मी म्हातारा गेल्याचं सांगितलं.

तो बाजूला थुंकला. "ऐकलं. गेला तर गेला. त्यानंच मुंडी मुरगाळली आमची."

"कुणी सांगितलं?"

"त्यानंच की! मुदत संपल्यावर आला गावात. पारावर सगळ्यांना बसवलं अन् म्हणला, चूक माजी हाय. म्या कच्च्या शाईनं लिवलं, ती उडाली. नक्कल वेळंवर मागायची, ते बी माज्याकडून चुकलं. कारकुनाला बोल लावू नका, कचेरीला बोल लावू नका. दफ्तर खरं हाय, म्याच खोटा पडलो. आमची पोरं धोंडे घिऊन उठली व्हती, साहेब. म्हाताऱ्यांनी धरलं म्हणून वाचला."

त्यांनी मला वाचवलं असं मला क्षणभर वाटलं. पण वाचवलं ते मला नव्हतं. कचेरीतला माणूस खोटं वाचतो हे खेड्यात कळू नये, म्हणून त्यांनी स्वतःला पुढं केलं. त्यांचं बरोबर होतं असं मला आजही म्हणता येत नाही. त्यांनी माझं नाव घेतलं असतं तर ती सात घरं कदाचित पुन्हा कचेरीवर चालून आली असती, आणि बस्ता तेव्हा शाबूत होता. पण ते म्हणणं माझ्या तोंडी शोभत नाही.

"तुमी तरी खटपट केली," सटवा म्हणाला. "पान डोळ्याशी धरून धरून बघिटलंत. शाईच न्हाई तर तुमी काय करावं?"

खरं सांगायची एवढीच वेळ होती. रस्त्यावर, दिवसाढवळ्या, दोन माणसं ऐकायला. नोकरी कायम झालेली. सांगितलं असतं तर त्यानं मला मारलं असतं, किंवा तो रडला असता, किंवा काहीच झालं नसतं.

"हो ना," मी म्हणालो. "फार वाईट झालं."

भोंगा झाला. सटवानं बायकोला म्हटलं, "साहेबांच्या पाया पड. आपल्यासाठी झटलेला माणूस हाय." तिनं चुंबळ काखेत घेतली आणि वाकली. मी पाय मागं घेतले नाहीत.